घरातल्या भिंतीवरची चित्रे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात चित्र लावायचे ठरले की नातेवाईक, शेजारी आणि ओळखीपाळखीचे लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. नवे चित्र कोणते घ्यावे, हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो. माझ्या मते त्याआधी घरात काय लावलेले आहे, ते कोणी केले आणि कसे केले, हे नीट पाहायला हवे, म्हणून सुरुवात जुन्या तसबिरींपासून केली आहे.

गावच्या घरी माजघरात लक्ष्मीची जुनी तसबीर आहे. ती राजा रविवर्मा यांची असल्याचे घरात सांगतात. हे खरे की नाही, ते कसे ओळखावे?

असे अनेक घरांत सांगितले जाते आणि पुष्कळदा त्यात तथ्य असते, कारण रविवर्मा यांची चित्रे महाराष्ट्रातच छापली जात होती. त्यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा, म्हणजे दगडावरून छपाई करण्याचा, कारखाना काढला, त्यासाठी जर्मनीहून यंत्रे आणि तंत्रज्ञ आणवले, आणि काही वर्षांनी तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला. शकुंतलेच्या जन्माचे चित्र हे या छापखान्यातून निघालेले पहिले चित्र मानले जाते. कर्जाचा भार वाढल्यावर विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांनी कारखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. स्वतः रविवर्मा १९०६ मध्ये वारले, पण छपाई त्यानंतरही कित्येक वर्षे चालू राहिली. त्यामुळे ‘रविवर्मा प्रेस’ असे छापलेले प्रत्येक चित्र त्यांच्या हयातीतले असेलच असे नाही, आणि मूळ चित्र त्यांनीच रंगवलेले असेल असेही नाही, म. वि. धुरंधर यांच्यासारख्या इतर चित्रकारांची कामेही त्या छापखान्याने छापली.

ओळखण्यासाठी प्रथम चित्राच्या खालच्या कडेची छापील ओळ शोधावी. तेथे छापखान्याचे नाव, कधी चित्राचा क्रमांक आणि शीर्षक असते. अडचण अशी की बहुतेक तसबिरी बसवताना ही कड चौकटीखाली दडवली गेली आहे किंवा चक्क कापून टाकली आहे. ओळ दिसत नसेल, तर दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन चेहऱ्याचा किंवा आकाशाचा भाग पाहावा. शिळाछापात प्रत्येक रंगासाठी वेगळ्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने रेखाटन केलेले असते, त्यामुळे भिंगाखाली लहानमोठे, वेडेवाकडे, हाताने टिंबलेले कण दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपके एका मापात, ठराविक जाळीत मांडल्यासारखे दिसतात. जाळी दिसली, तर चित्र जुना शिळाछाप नसून नंतरचे पुनर्मुद्रण आहे असे समजावे. तैलचित्राचा भास व्हावा म्हणून जुन्या छापांवर वार्निश दिलेले असे आणि कधी कागदावर कॅनव्हाससारखी पोतही उठवलेली असे. तिरप्या उजेडात ती दिसते. अशा छापांनाच ओलिओग्राफ म्हणतात.

आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७८ मध्ये निघालेल्या चित्रशाळेने रविवर्मा यांच्या कितीतरी आधी देवदेवतांची आणि मराठेशाहीतल्या पुरुषांची रंगीत शिळाछाप चित्रे घरोघरी पोहोचवली होती. नाना फडणविसांचे किंवा रामपंचायतनाचे जुने, जरा सपाट रंगांचे चित्र घरात असेल, तर ते चित्रशाळेचे आहे का ते पाहावे. ही चित्रे रविवर्मा यांच्या चित्रांइतकी मोहक वाटत नाहीत, म्हणून ती माळ्यावर पडतात, आणि मला त्याचे फार वाईट वाटते. मराठी माणसाच्या भिंतीवर छापील चित्र प्रथम आले, त्या काळाचा तो ठेवा आहे.

अशा छापाची किंमत लाखांत असते का?

सहसा नसते. रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे लिलावात कोट्यवधींना जातात, त्या बातम्या वाचून हा गैरसमज होतो. छाप मोठ्या संख्येने निघाले होते. कड शाबूत आहे का, रंग उडाले आहेत का, कागद फाटला आहे का आणि विषय दुर्मिळ आहे का, यांवर त्यांची किंमत ठरते. दारावर येऊन “जुनी तसबीर द्या, नवी चौकट घ्या” म्हणणाऱ्या फिरत्या खरेदीदाराला मात्र ती कधीही देऊ नये.

देवीच्या चित्रावर जरी, टिकल्या आणि कापड चिकटवलेले आहे. ते काढून मूळ चित्र मोकळे करावे का?

काढू नये. लक्ष्मी, सरस्वती किंवा कृष्ण यांच्या छापील चित्रांना खरे वाटेल असे लुगडे नेसवणे, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी लावणे, काठाला जर शिवणे, ही त्या काळची आवडीची हस्तकला होती, आणि घराघरांतल्या बायकांनी ती दुपारच्या निवांत वेळात केली. छाप हजारो घरांत सारखाच असेल, पण तुमच्या पणजीने नेसवलेले लुगडे फक्त तुमच्याच तसबिरीत आहे. शिवाय सरस काढताना खालचा रंग सोलून निघतो, तो वेगळाच.

जुन्या चित्रावर तपकिरी ठिपके आले आहेत आणि काचेच्या आत बुरशी दिसते. घरी स्वच्छ करता येईल का?

काच बाहेरून कोरड्या मऊ फडक्याने पुसता येईल, त्यापलीकडे घरी काही करू नये. ओले फडके, लिंबू, ब्लीच, खोबरेल तेल, कापलेला बटाटा असे सर्व उपाय लोकांनी करून पाहिलेले मी पाहिले आहेत, आणि प्रत्येक वेळी नुकसान वाढलेलेच आहे. ठिपके कागदातल्या आम्लामुळे आणि ओलाव्यामुळे येतात. ते कागदाच्या आत असल्याने वरून पुसून जात नाहीत. कागद काचेला चिकटला असेल तर तो ओढून काढण्याचा मोह विशेषकरून टाळावा, कारण अशा वेळी रंगाचा थर काचेवर राहतो आणि पांढरा कागद हातात येतो.

आमच्या घरातली चूक सांगतो. आजीच्या खोलीतला दमयंती आणि हंसाचा छाप कडेने फाटू लागला, तेव्हा तो “कायमचा टिकेल” या भरवशावर मी लॅमिनेट करून घेतला. प्लॅस्टिक उष्णतेने चिकटवताना वार्निश वितळले, चेहऱ्यावर बुडबुडे आले, आणि आता ते प्लॅस्टिक कोणत्याही उपायाने निघत नाही. ज्याने ते काम केले, त्याने मी सांगितले तेच केले. आधी चौकशी करणे माझे काम होते. जुना कागद लॅमिनेट करू नये, त्याला सेलोटेप लावू नये आणि तो प्लायवूडवर फेव्हिकॉलने चिकटवू नये. चित्र खरोखर मोलाचे असेल तर कागदाच्या संवर्धनाचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीला दाखवावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलासंवर्धन केंद्र आहे. निदान योग्य सल्ला कोठे मिळेल, याची चौकशी तेथे करता येते.

हातात दिवा धरलेल्या स्त्रीचे रविवर्मा यांचे चित्र आम्हांला हवे आहे. त्याची चांगली प्रत कोठे मिळेल?

ते चित्र रविवर्मा यांचे नाही, आणि या उत्तरासाठी मी थोडी जास्त जागा घेणार आहे, कारण ही चूक मराठी घरांतूनही होते. एका हाताने ज्योत झाकत उभी असलेली, बोटांच्या फटींतून लालसर उजेड पाझरत असलेली ती स्त्री सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी रंगवली आहे. ‘ग्लो ऑफ होप’ या नावाने ते चित्र ओळखले जाते, आणि त्यासाठी त्यांच्या मुलीने दिवा धरून उभे राहण्याचे काम केले होते. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातल्या कलादालनात आहे, आणि ते तैलरंगांतले नसून जलरंगांतले आहे, हे तेथे जाऊन पाहिल्यावरही अनेकांना खरे वाटत नाही. जलरंगात पांढरा उजेड वरून लावता येत नाही; तो कागद राखून ठेवावा लागतो, आणि भोवतीचा अंधार थरावर थर देऊन गडद करत न्यावा लागतो. एक थर चुकला तरी मागे फिरता येत नाही. म्हणून चित्राखाली दुसऱ्याचे नाव छापलेली प्रत विकत घेऊ नये. विक्रेत्याला हळदणकरांचे नाव सांगावे आणि तेच छापायला लावावे.

इंटरनेटवरून फोटो घेऊन मोठी प्रत छापून लावली तर चालेल का?

चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या चित्रांवर भारतात स्वामित्वहक्क असतो. रविवर्मा यांची चित्रे त्यातून केव्हाच मुक्त झाली आहेत. हळदणकर १९६८ मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रांचे हक्क २०२८ च्या अखेरपर्यंत आहेत. दिवाळी अंक आणि कॅलेंडरे यांच्या चित्रांसाठी ओळखले जाणारे दीनानाथ दलाल १९७१ मध्ये आणि रघुवीर मुळगावकर १९७६ मध्ये वारले. त्यांचा हिशोब त्याप्रमाणे करावा. मूळ चित्र विकत घेतले म्हणून ते छापून विकण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, हेही येथेच सांगितलेले बरे.

वडिलांनी चौकटीत बसवलेली जुनी कॅलेंडरची चित्रे आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आहेत. ती कला म्हणावी का? घर नवीन केल्यावर मुले ती काढा म्हणतात.

ती कलाच आहे, आणि ती लावूनच ठेवावीत असे माझे स्पष्ट मत आहे. दलाल आणि मुळगावकर हे दोघेही मूळचे गोव्याकडचे. दलालांनी १९४५ पासून ‘दीपावली’ अंक काढला आणि दर वर्षी आपल्या चित्रांनी सजवला. एस. एम. पंडितांची पौराणिक चित्रे कॅलेंडरांवरून देशभर गेली. तैलचित्र विकत घेण्याची ऐपत नसलेल्या माणसाने वर्ष संपल्यावर तारखांचा भाग कापून चित्र चौकटीत बसवले, याचा अर्थ त्याने निवड केली होती. मुलांना चित्र जुनाट वाटते, याचे कारण पुष्कळदा पिवळी काच आणि कुजका पुठ्ठा हे असते. चौकट बदलून, पांढरा रुंद माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची पट्टी, देऊन तेच चित्र एकटे एका भिंतीवर लावून पाहावे आणि मग निर्णय घ्यावा.

शिवाजी महाराजांचे चित्र लावायचे आहे. खरे चित्र कोणते?

महाराजांच्या काळातली किंवा त्याला लागून असलेली लघुचित्रे युरोपातल्या संग्रहांत आहेत. त्यांतले एक इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ मध्ये महाराष्ट्रासमोर आणले. तोवर भलत्याच व्यक्तीचे चित्र महाराजांचे म्हणून छापले जात होते. कोल्हापूरचे जी. कांबळे यांनी रंगवलेले आणि राज्य शासनाने मान्य केलेले चित्र आज सर्वांत परिचित आहे. ते प्रत्यक्ष पाहून काढलेले नाही, अभ्यासावर आधारलेले आहे, एवढे मुलांना सांगून लावावे.

आमच्या घरात फक्त बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा आहे. त्यासोबत दुसरी चित्रे लावली तर मान राहील का?

१४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर असंख्य घरांच्या भिंती बदलल्या. जुन्या तसबिरी उतरल्या आणि त्या जागी बुद्ध आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. भिंतीवर काय असावे हा निर्णय इतक्या विचारपूर्वक आणि इतक्या मोठ्या संख्येने घेतला गेल्याचे दुसरे उदाहरण मला आपल्याकडे दिसत नाही. म्हणूनच या प्रतिमा टी.व्ही.च्या वर किंवा कपाटाच्या बाजूला कोंबू नयेत. त्यांना स्वतंत्र भिंत द्यावी, आणि इतर चित्रे समोरच्या किंवा बाजूच्या भिंतीवर लावावीत. शेजारी सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या प्रतिमा पुष्कळ घरांत असतात, त्या एकाच मापाच्या चौकटींत आणि एकाच उंचीवर असाव्यात. बाजारातल्या चमकत्या, भडक निळ्या छपाईऐवजी मूळ छायाचित्रावरून काढलेली चांगली कृष्णधवल प्रत करून घेतली, तर बाबासाहेबांच्या चेहऱ्यावरचा विचार दिसतो. हे मी आग्रहाने सांगतो.

वारली चित्र घ्यायचे आहे. दुकानात, प्रदर्शनात आणि गावात मिळणाऱ्या चित्रांत फरक काय?

वारली चित्र मुळात भिंतीवरचेच आहे, पण ते शोभेसाठी काढलेले नव्हते. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू, तलासरी, विक्रमगड या भागांत लग्नाच्या वेळी सवाष्णी घरातल्या भिंतीवर चौक लिहितात. त्या चौकात पालघट देवी असते, आणि तो लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी पुरोहित स्त्री, त्या वेळी गाणी म्हणते. शेणाने सारवून गेरू दिलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक कुटलेली बांबूची काडी, एवढेच साहित्य असते. ‘चौक लिहिणे’ हा त्यांचा शब्दप्रयोग मला फार मोलाचा वाटतो, कारण ते काम रंगवण्यापेक्षा लिहिण्याच्या अधिक जवळचे आहे.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले आणि त्यांनी ही चित्रे कागदावर उतरवून घ्यायला सुरुवात केली. गंजाड गावच्या जिव्या सोमा मशे यांनी लग्नकार्य नसतानाही रोज चित्रे काढली. मासेमारीची जाळी, तारपा वाजवणाऱ्याभोवती वळत जाणारी नाचणाऱ्यांची रांग, मुंग्या, भाताची खळी असे सारे त्यांनी आणले, आणि बायकांच्या हातचे हे विधिचित्र स्वतंत्र चित्रकलेकडे नेले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते वारले. आज त्या भागातल्या अनेक कुटुंबांचा हा व्यवसाय आहे.

आता फरकाविषयी. त्रिकोणी माणसे आणि तारपा नाच यांचा साचा वापरून छापलेले कापड, चहाचे कप आणि भिंतीवरचे स्टिकर यांचा पैसा वारली माणसापर्यंत पोहोचतोच असे नाही. हाताने काढलेल्या चित्रात रेषा सगळीकडे सारख्या जाडीची नसते. दोन माणसे कधीही एकसारखी वाकलेली नसतात. झाडाचे पान पाहावे: सराईत हात ते एकाच झटक्यात काढतो, आणि अशी हजार पाने काढूनही चित्र दाटत नाही. कोणी काढले, कोणत्या गावी, आणि चित्रात कोणता प्रसंग आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. विकणाऱ्याला त्यांची उत्तरे देता आली, तर चित्र घ्यावे आणि घासाघीस करू नये. शक्य असेल तर डहाणूकडे जाऊन चित्रकाराच्या घरीच घ्यावे. मात्र दिवाणखान्यासाठी पालघट देवीचा चौक काढून मागण्याआधी, तो तसा द्यायला त्यांची हरकत नाही ना, हे आदराने विचारून घ्यावे.

कापडावरच्या वारली चित्राला शेण आणि गेरूचा लेप असतो, त्यामुळे त्याला दमट भिंत आणि कीड या दोन्हींपासून जपावे लागते. ते काचेत बसवावे.

महाराष्ट्रातली आणखी कोणती पारंपरिक चित्रे घरात लावता येतील?

कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी पाहावी. ठाकर समाजातले कथेकरी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची सुटी पाने एकेक करून दाखवत रात्री कथा सांगत. ही परंपरा टिकवणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीचे एकच पान लावण्यापेक्षा एका प्रसंगाची सलग तीन-चार पाने घेऊन ओळीने लावावीत. कथा पुढे सरकत असल्यामुळेच त्या चित्रांना जीव आहे. सावंतवाडीचे गंजिफे हेही तिथलेच, लाखेचा मुलामा दिलेले गोल पत्ते. दशावतारी संचात १२० पत्ते असतात. संपूर्ण संच परवडला नाही, तर दहा अवतारांचे दहा पत्ते एका चौकटीत सुरेख दिसतात.

गोव्यातल्या घरांविषयी काही सांगाल का?

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत येशूच्या पवित्र हृदयाची प्रतिमा आणि तिच्यासमोरचा दिवा यांचे स्थान हिंदू घरातल्या देव्हाऱ्यासारखे असते, आणि ती प्रतिमा पिढ्यानपिढ्या त्याच जागी राहते. त्याच मातीतले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी येशू आणि मारिया यांना भारतीय चेहरे आणि साडी दिली. त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ पुण्यात गेला, आणि त्यांची चित्रे पर्वरीच्या झेवियर संशोधन केंद्रात आहेत. मारिओ मिरांडा यांच्या रेखाचित्रांच्या प्रती आणि फरशा गोव्याहून येणारा जवळपास प्रत्येक जण घेऊन येतो. त्या लावताना गर्दी करू नये, कारण त्यांच्या प्रत्येक चित्रात आधीच पन्नास माणसे असतात आणि ती एकेक करून पाहायची असतात.

पहिल्यांदाच मूळ चित्र विकत घ्यायचे आहे. कोठे जावे आणि किती पैसे ठेवावेत?

मुंबईत काळा घोड्याजवळचे जहांगीर कलादालन १९५२ पासून आहे, प्रवेशाला पैसे पडत नाहीत, आणि बहुतेक वेळा चित्रकार स्वतः तेथे उभा असतो. बाहेरच्या पदपथावरही चित्रकार चित्रे मांडतात. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचे वार्षिक प्रदर्शन, सर ज. जी. कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन, पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरातले कलादालन, कोल्हापुरात शाहू स्मारक भवन, या ठिकाणी नव्या चित्रकारांची कामे पाहायला मिळतात. मराठी माणूस दालनात शिरायला बिचकतो, याचे कारण “आपल्याला कळत नाही” ही भीती. कळण्याची परीक्षा कोणी घेत नाही. चित्रासमोर पाच मिनिटे उभे राहावे, दालनाला फेरी मारावी, आणि पाय पुन्हा त्याच चित्राकडे वळले तर किंमत विचारावी.

आकड्याचे म्हणाल, तर सोफ्यासाठी जेवढे पैसे बाजूला ठेवता, त्याचा एक लहान हिस्सा चित्रासाठी ठेवावा. तेवढ्यात तरुण चित्रकाराचे जलरंगातले छोटे चित्र किंवा मुद्राचित्र येऊ शकते. मुद्राचित्र म्हणजे दगड, लाकूड किंवा जस्ताच्या पत्र्यावरून चित्रकाराने स्वतः काढलेली ठरावीक प्रती असलेली कलाकृती. तिच्याखाली पेन्सिलीने ५/२५ असे लिहिलेले असते, म्हणजे पंचवीसपैकी पाचवी प्रत. अशी प्रत मूळ कलाकृतीच असते. पावती, चित्रकाराची सही आणि माध्यमाची नोंद घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि हप्त्याने देता येतील का हे विचारायला संकोचू नये. अनेक चित्रकार आनंदाने हो म्हणतात.

चित्र किती उंचीवर लावावे?

चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर यावा, असा कलादालनांचा सर्वसाधारण नियम आहे. तो उभ्या माणसासाठी आहे. ज्या खोलीत खाली बसून जेवण, वाचन किंवा गाणे होते, तेथे चित्र त्याहून खाली आणावे. आपल्या जुन्या घरांत तसबिरी तुळईजवळ, वरून पुढे झुकवून, दोरीने टांगलेल्या असत; खाली बसणाऱ्याला त्या स्पष्ट दिसत आणि काचेवर दाराचा उजेड चमकत नसे. त्या झुकवण्यामागे विचार होता, आणि तशाच जुन्या तसबिरी लावताना तो आजही पाळावा. सोफ्यावर लावायचे असेल तर पाठीपासून १५ ते २० सेंटिमीटर वर पुरे होते.

काँक्रीटच्या भिंतीत खिळा जात नाही. हॅमर ड्रिलने भोक पाडून प्लॅस्टिकचा प्लग, ज्याला कारागीर गिट्टी म्हणतात, तो बसवून स्क्रू लावावा. जड चित्राला दोन स्क्रू असावेत. विजेच्या बटणांच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये, कारण वायरींची नळी बहुधा त्याच रेषेत जाते.

पावसाळ्यात चित्रे कशी जपावीत?

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात चित्राचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर हा काळ आहे. ज्या बाहेरच्या भिंतीवर पश्चिमेकडून पावसाचा मारा होतो, तिच्यावर कागदावरचे कोणतेही चित्र लावू नये. आतल्या, दोन खोल्यांमधल्या भिंती निवडाव्यात. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे छोटे तुकडे चिकटवावेत, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यामध्ये बोटभर हवा खेळते. हा दोन रुपयांचा उपाय आहे आणि त्याने वाचलेली चित्रे मी मोजू शकणार नाही. महिन्यातून एकदा चित्र उतरवून मागची बाजू पाहावी: कसर, वाळवीच्या मातीच्या रेषा, झुरळांची अंडी. जागा पुसून कोरडी झाल्यावरच ते परत लावावे. बरेच दिवस घर बंद राहणार असेल, तर कागदावरची चित्रे उतरवून, मध्ये कोरा कागद घालून कपाटात वरच्या खणात उभी ठेवावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नयेत, आत ओल अडकते.

उन्हाचेही तेच. जलरंग आणि छायाचित्रे थेट उन्हात काही वर्षांत फिकी पडतात, आणि उडालेला रंग परत आणता येत नाही. देवासमोरच्या तसबिरींवर समईची आणि उदबत्तीची काजळी बसते, तसेच काचेला लावलेले हळदकुंकू ओघळून चौकटीच्या फटीतून आत शिरते. कुंकू लावायचेच, तर काचेच्या मध्यावर, कोरडे आणि थोडे लावावे.

चौकट करून घेताना काय सांगावे?

चित्र काचेला टेकता कामा नये, म्हणून मध्ये माउंट हवा. माउंट आणि मागचा पुठ्ठा आम्लविरहित हवा; रद्दी वर्तमानपत्र अजिबात नको. तैलरंग किंवा ॲक्रिलिक कॅनव्हासला काच लागत नाही. आणि चित्राची कड, सही किंवा छापील ओळ कापायची नाही, हे दुकानदाराला बोलून दाखवावे आणि पावतीवरही लिहून घ्यावे.

वास्तुशास्त्राप्रमाणे चित्रे कोणत्या दिशेला लावावीत? दिवंगत व्यक्तींचे फोटो कोठे असावेत?

दिशेचा चित्राच्या गुणाशी संबंध नाही. उजेड आणि ओल यांचा आहे. तरीही घरातल्या वडीलधाऱ्यांची श्रद्धा असेल, तर एका चित्राची भिंत बदलण्यावरून वाद घालू नये. गेलेल्या माणसांचे फोटो देव्हाऱ्यात न ठेवण्याची रीत बहुतेक घरांत आहे आणि ती पाळायला काही अडचण नसते. मात्र ते फोटो चंदनाच्या हाराने पूर्ण झाकू नयेत, चेहरा दिसू द्यावा. मूळ फोटो सुरक्षित ठेवून भिंतीवर त्याची प्रत लावणे अधिक चांगले.

आम्ही परदेशात राहतो. आजोळची जुनी तसबीर सोबत नेता येईल का?

शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलावस्तू १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरू शकते आणि ती देशाबाहेर खासगीरीत्या नेता येत नाही. रविवर्मा यांच्यासह काही चित्रकारांच्या कलाकृती राष्ट्रीय कलानिधी म्हणून जाहीर झालेल्या आहेत आणि त्यांच्या निर्यातीवरही बंदी आहे. छापाच्या वयाबद्दल शंका असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती वस्तू पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र आधी मिळवावे. विमानतळावर समजावून सांगू, या भरवशावर राहू नये.

घर लहान आहे, एकच भिंत मोकळी आहे. त्यावर किती चित्रे लावावीत?

एक. बाकीची कपाटात ठेवून दर चार-सहा महिन्यांनी बदलावीत.

चित्राच्या मागे काही लिहून ठेवावे का?

जरूर लिहावे, पण चित्राच्या कागदावर नाही. मागच्या पुठ्ठ्यावर लावलेल्या चिठ्ठीवर, पेन्सिलीने. चित्रकार किंवा छापखाना, माध्यम, विषय, केव्हा आणि कोणाकडून घरात आले, चौकट कोणत्या साली बदलली, एवढे पुरेसे आहे. ठाऊक असलेली वृद्ध मंडळी घरात आहेत, तोवर त्यांना विचारून ही नोंद करावी. आमच्या गावच्या घरातल्या रामपंचायतनामागच्या चिठ्ठीवर आजोबांनी निळ्या पेन्सिलीने “पंढरपूरहून आणली, अण्णांच्या मुंजीच्या वर्षी” असे लिहिले आहे. अण्णांची मुंज कोणत्या साली झाली, ते आता काकूलाच ठाऊक आहे. पुढच्या वेळी गावी गेलो की ते साल मी तिला विचारून त्याच चिठ्ठीवर लिहिणार आहे.